हेमाबाईंची निळी सावली

रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलं, की नारळांच्या आडून एक पिवळं दुमजली घर दिसतं. त्या घराच्या माडीवर दर शनिवार-रविवारी हेमा आठल्ये यांचा चित्रकलेचा वर्ग भरतो. बाहेर पाटी नाही. पाटी कशाला हवी, असं बाईंचं म्हणणं. ज्याला खरंच यायचं असतं तो विचारत विचारत येतो, आणि ज्याला दोन माणसांना पत्ता विचारायचा कंटाळा, तो चित्र काय पुरं करणार!

बाईंनी एकतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. चित्रकलेचा तास हा गणिताच्या मास्तरांनी ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून हक्काने मागून न्यायचा असतो, हे आपल्याकडे शाळा बांधताना पायातच घालून ठेवलेलं असतं. हेमाबाईंनी तो तास एकदाही दिला नाही. एकदा मुख्याध्यापक स्वतः मागायला आले, तेव्हा बाईंनी त्यांनाच बाकावर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि मुलांसमोर सुरई काढायला लावली. सुरई एका अंगाने फुगली. पुन्हा कुणी तास मागायला आलं नाही.

निवृत्तीनंतर माडीवरचा वर्ग वाढला. वर्गाचा नियम एकच, आणि तो ऐकून निम्मे पालक जिन्यावरूनच परत जातात. पहिलं वर्षभर स्वतःचं काही काढायचं नाही. जुन्या चित्रकारांची चित्रं समोर ठेवायची आणि जशीच्या तशी उतरवायची. आधी नुसती रेघ, मग एका रंगात, मग सगळ्या रंगांत.

“आमची ओवी मनाने काढते हो चित्रं,” एखादी आई कौतुकाने सांगते.

“मग मनात राहू देत अजून वर्षभर,” बाई म्हणतात. “आधी दुसऱ्याचं बघायला शिकू दे.”

“पण ही तर नक्कल झाली!”

“नक्कल करायलाही अक्कल लागते. ती आली, की बाकीचं मी सोडून देते.”

बाईंचं दैवत म्हणजे चित्रकार नेवरेकर. माणूस जवळच्याच नेवऱ्याचा. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन चित्रकला शिकला, संस्थानिकांच्या तसबिरी रंगवून पोट भरलं, आणि मधल्या वेळात गावच्या माणसांची चित्रं काढून ठेवली. त्यातलं एक, ‘सुपारी सोलणारी’, बाईंच्या माडीवर लावलेलं आहे. म्हणजे त्याची छापील प्रत. मूळ चित्र मुंबईच्या एका संग्रहालयाच्या कोठारात पडून होतं आणि कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. छापील प्रत बाईंचे गुरू हरिहर मास्तर यांची. त्यांनी निवृत्त होताना ती आपल्या लाडक्या विद्यार्थिनीला, म्हणजे हेमाबाईंना दिली. बाईंनी मास्तरांकडे हे चित्र शाळकरी वयात गिरवलं होतं, पण नुसत्या पेन्सिलीने. तेव्हा रंग कुणाला परवडत होते?

चित्रात एक म्हातारी ओट्याच्या कडेला बसली आहे. पुढ्यात सुपारीचा ढीग, हातात कोयती, समोर ऊन पडलेलं अंगण. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. आणि त्या सावलीतच सगळी किमया आहे, असं बाई सांगत. गालाखालची, हनुवटीखालची, गळ्याच्या खळगीतली ती सावली निळी होती. हिरवट झाक मारणारी थंड निळी. ‘हे धाडस बघा,’ बाई म्हणत, ‘म्हातारीच्या अंगावर निळा रंग टाकायला छाती लागते!’ निळ्यात किंचित हिरवा आणि पांढरा, अशी त्या सावलीची कृतीच त्यांनी बसवली होती. अल्ट्रामरीन, नखभर व्हिरिडियन, वर पांढरा. मुलं ती पाढ्यासारखी म्हणत. तीस वर्षांत दीडेकशे मुलांनी ही म्हातारी रंगवली आणि प्रत्येक म्हातारीच्या हनुवटीखाली तोच निळा गेला. भिंतीवर म्हातारीच्या डोक्याशी एक पाल होती, तीही मुलं शेपटीच्या टोकापर्यंत मन लावून काढायची.

बाईंचे यजमान अनिलराव बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी पेपर आणि दुपारी झोप एवढ्यावर सुखी असलेला माणूस. पण एकदा माडीवर चहा घेऊन गेले असता त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं होतं, “अगो, हा कागद उन्हाने उडालाय. मास्तरांकडेही पश्चिमेच्या खिडकीसमोरच होता ना.”

“तुम्हाला शिक्क्याच्या शाईपलीकडे रंग कळतात का?” बाईंनी विचारलं होतं. अनिलराव कपबशा घेऊन मुकाट्याने खाली उतरले. संसार पस्तीस वर्षं टिकतो तो असाच.

या वर्गात तीन वर्षांपूर्वी राही मांडवकर आली. मंडणगड तालुक्यातल्या आतल्या गावची मुलगी, कॉलेजसाठी रत्नागिरीत वसतिगृहावर राहणारी. बाप मुंबईत एका सोसायटीत वॉचमन, आई गावाला शेतीवर. पहिल्या दिवशी ती दारातच चपला काढून पाऊण तास उभी राहिली, कारण बस असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंना आधी वाटलं, बावळट आहे. मग तिची रेघ बघितली. त्या संध्याकाळी बाई खाली आल्या आणि अनिलरावांना म्हणाल्या, “पोरीच्या हातात देव आहे हो.” बाईंच्या तोंडून देवाचं नाव वर्षातून एकदा गणपतीतच निघतं, म्हणून अनिलरावांनी पेपर खाली ठेवला.

राहीला फक्त एक खोड होती. बाई सांगतील ते ब्रह्मवाक्य. बाईंनी म्हटलं रेघ जाड, की जाड. बाई स्वतःच विसरून दुसऱ्या दिवशी बारीक म्हणाल्या, की बारीक. शार्दूल नावाचा एक वात्रट मुलगा वर्गात होता, तो म्हणायचा, “बाई, उद्या तुम्ही समुद्र गुलाबी म्हणालात ना, तर राहीताई खाडीत रंग ओतून येईल.” बाई त्याच्यावर डोळे वटारत. पण खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंच वाटे. अशी शिष्या कुणाला नको असते?

गेल्या डिसेंबरात मुंबईहून संग्रहालयाचं पत्र आलं. नेवरेकरांची चित्रं साफसफाई करून पहिल्यांदाच लोकांपुढे मांडणार होते. त्यानिमित्त निवडक मुलामुलींना मूळ चित्रासमोर बसून दोन दिवसांत प्रत करायची संधी होती. ज्याची प्रत उत्तम ठरेल, त्याला जुनी चित्रं दुरुस्त करण्याच्या तिथल्या कार्यशाळेत दोन वर्षं विद्यावेतनावर शिकता येणार होतं. बाईंच्या वर्गाला दोन जागा मिळाल्या होत्या.

पत्र वाचून बाईंच्या डोळ्यांपुढे राहीच आली. कारण तिकडे राहीच्या मामाने लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला तिची जागा बघून ठेवली होती. कंपनीची बस गावाच्या फाट्यावर येते, पाळीचं काम आहे, पोरगी हाताशी राहील, असं मामाचं म्हणणं. त्यात वाईट काहीच नव्हतं. फेब्रुवारीपासून यायचं की नाही, एवढंच सांगायचं होतं. राही सांगत होती की आपली हरकत नाही, आणि ते सांगताना ती ब्रश इतका वेळ धूत होती, की त्याचे केस गळायची वेळ आली.

“हरकत नाही म्हणे!” बाई घरात फणफणल्या. “ह्या पोरीला मुंबईला न्यायचीच.”

जानेवारीतल्या एका शुक्रवारी बाई, राही आणि शार्दूल असे तिघं सकाळच्या गाडीने निघाले आणि दादरला बाईंच्या नणंदेकडे उतरले. शनिवारी दहाच्या ठोक्याला ते संग्रहालयात हजर होते. उंच छताचं लांबलचक दालन, खाली गुळगुळीत फरशी, आणि मधल्या भिंतीवर ‘सुपारी सोलणारी’. तीस वर्षं जिची पूजा केली, तिचं खरं दर्शन बाईंना आज होत होतं. त्यांनी कोपऱ्यात चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, चपला चालतात मॅडम. बाईंनी ऐकलंच नाही.

पहिल्यांदा बोलला तो शार्दूल. “बाई, पाल कुठेय?”

पाल नव्हती. म्हातारीच्या डोक्याशी नुसती भिंत होती, शेणामातीने सारवलेली, स्वच्छ. दीडशे मुलांनी भक्तिभावाने रंगवलेली ती पाल म्हणजे छापील कागदावर कधीकाळी पडलेला ओलीचा डाग होता. शार्दूलला हसू आवरेना. बाईंनाही आलं असतं, पण त्यांची नजर खाली उतरली होती, हनुवटीकडे.

सावली निळी नव्हती. कुठेच नव्हती. ती तांबूस होती, आमसुलाच्या पाण्यासारखी गरम आणि खोल. गालाखाली, गळ्याच्या खळगीत, कोयती धरलेल्या मनगटाच्या आतल्या बाजूला तोच रंग दिव्यासारखा आतून पेटलेला होता. म्हातारी जिवंत होती. बाईंच्या माडीवर होती ती तिची गारठलेली बहीण.

असं काही दिसलं, की शहाणा माणूस काय करतो? तो आधी स्वतःची समजूत घालतो. बाईंनी तेच केलं. इथले दिवे पिवळे असतील. जुन्या वार्निशाचा थर तांबडा पडला असेल. तीस वर्षं आपण काय डोळे मिटून शिकवत होतो? तोवर घंटा झाली, मुलांना चित्रासमोर बसवलं गेलं, आणि सोबतच्या शिक्षकांना मागच्या बाकावर पाठवलं गेलं. शिक्षकांनी मुलांच्या कॅनव्हासला हात लावायचा नाही, असा नियम होता. बोलायला बंदी नव्हती. पण बाई बोलल्या नाहीत. हे त्यांचं मोठं पाप, असं पुढे त्या स्वतःच सांगत. पहिली चूक कागदाची होती, ही दुसरी मात्र सर्वस्वी त्यांची.

दुपारी कार्यशाळेच्या प्रमुख दीपाली सामंत फेरी मारायला आल्या. बाईंनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं. “वार्निशामुळे रंग जरा तांबडा दिसतोय, नाही का?”

“वार्निश दोन वर्षांपूर्वीच काढलं आम्ही,” दीपाली म्हणाल्या. “हा नेवरेकरांचाच रंग. अंगणातली तांबडी माती आहे ना, तिच्यावरून ऊन उसळून वर येतं, ते बरोबर पकडलंय त्यांनी. तुम्ही तर तिकडच्याच. तुम्हाला हे रोज दिसत असेल.”

बाई नुसत्या हसल्या. अख्खा जन्म जांभ्यावर आणि तांबड्या मातीवर गेला, आणि उन्हातली ही साधी गोष्ट त्यांना मुंबईच्या बाईने फरशीवर उभं राहून सांगावी! त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. 

पाच वाजता मुलांना उठवलं, तेव्हा बाई राहीच्या कॅनव्हासपाशी गेल्या. चित्र सुरेख उतरलं होतं. बोटं, कोयती, सुपाऱ्यांवरचा उजेड, सगळं. आणि हनुवटीखाली अल्ट्रामरीन, नखभर व्हिरिडियन, वर पांढरा. शार्दूलने मात्र तांबडं केलं होतं. जमलं नव्हतं, चिखल झाला होता, पण तांबडं होतं.

बाहेर पायऱ्यांवर शार्दूल भेळ आणायला गेला, तेव्हा बाईंनी विचारलं, “राही, समोरच्या चित्रात सावली कसली आहे गं?”

राही पायरीवरची धूळ बोटाने पुसू लागली.

“तुला दिसली की नाही दिसली, एवढं सांग.”

“दिसली, बाई.”

“कसली?”

“तांबडी.” ती खाली बघत म्हणाली. “आमच्या खळ्यात आये भात वारवते ना, तवा तिच्या मानेखाली असांच तांबडां येतां. बारकेपणापासून बघतंय मी. पण तुमी निळी म्हणालात, मंग मना वाटलां, माझीच नजर चुकते.”

“आणि आज? आज तर समोर होतं ना?”

“तुमी शिकवलंत तां मी कशी मोडू, बाई? तुमी मागं बसला होताव.”

 छापील कागद उडाला, रंग चुकला, दीडशे मुलांनी पालीला शेपूट काढलं, हे सगळं बाईंना एकवेळ गिळता आलं असतं. पण जी गोष्ट या मुलीला लहानपणापासून दिसत होती, खुद्द नेवरेकरांना दिसली तीच, ती तिने बाईंच्या शब्दाखातर डोळ्यांआड केली होती. बघायला शिकवते म्हणून मिरवणाऱ्या बाईंनी एका बघणाऱ्या पोरीला आंधळं केलं होतं. आणि त्यांना ते आवडत होतं, हे तर फारच वाईट.

“माझं चुकलं, राही,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी तो निळा खरवडून काढ.”

“नाय बाई.”

“नाय काय? तुझी जागा जाईल. मुंबई जाईल!”

“जाऊ दे गेली तर. लोट्याचां काम वाईट नाय.” आणि मग अगदी हळू, “लोक म्हणतील, हिच्या बाईंना येत नव्हतां.”

शार्दूल भेळ घेऊन आला. राहीने आपल्या पुड्यातली अर्धी बाईंच्या पुड्यात ओतली. 

रविवारी सकाळी राही कॅनव्हाससमोर बसली. बाईंनी पर्समधून पॅलेटची सुरी काढून तिच्या हातात दिली आणि मागच्या बाकावर येऊन बसल्या. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बाकीच्या मुलांचे हात भराभर चालले होते. राहीच्या हातातली सुरी हनुवटीपर्यंत जायची आणि परत यायची. बाईंना कळलं, की ही मुलगी आपला मान राखण्यासाठी इथे दिवसभर अशीच बसून राहील आणि उद्या निमूटपणे कंपनीच्या बसमध्ये चढेल.

मग हेमाबाई उठल्या. मुख्याध्यापकांना सुरई काढायला लावणारा त्यांचा तो खणखणीत आवाज संग्रहालयाच्या छताला जाऊन भिडला.

“जरा सगळ्यांनी हात थांबवा. मी हेमा आठल्ये. रत्नागिरीची. ह्या मुलीच्या चित्रात जी निळी सावली आहे ना, ती नेवरेकरांची नाही, आणि हिचीही नाही. माझी आहे. मी तीस वर्षं उन्हाने उडालेला कागद बघत होते. मुलांना मी चुकीचं शिकवलं. यजमानांनी सांगितलं तर त्यांनाही गप्प बसवलं. काल सकाळी मला खरं कळलं, तरी लाजेने दिवसभर तोंड उघडलं नाही. हिला सगळं दिसतं. फक्त मला वाईट वाटेल म्हणून ही खोटं रंगवते आहे. आता वाटून झालं मला वाईट. राही, काढ तो निळा!”

 पहारेकरी पुढे आला होता, तो तसाच उभा राहिला. शार्दूलने, देव त्याचं भलं करो, तेवढ्यात मागून म्हटलं, “आणि पालही आमचीच होती.” कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. राहीने पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारखा करावा तसा हात फिरवला, डोळे पुसले आणि सुरी कॅनव्हासला लावली. ओला रंग सरळ निघून आला. तिने तो कागदावर पुसला, टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं, आणि मग कितीतरी वेळ नुसती म्हातारीकडे बघत बसली.

संध्याकाळपर्यंत चित्र पुरं झालं नाही. साडीचे काठ राहिले, सुपारीचा अर्धा ढीग राहिला. चेहरा, गळा आणि मनगट एवढंच झालं होतं. दीपाली सामंत त्यापुढे बराच वेळ वाकून उभ्या होत्या. कॅनव्हासच्या विणीत कुठेकुठे निळ्याचे कण अडकून राहिले होते, त्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. राहीची निवड झाली होती. बाईंना खरं वाटेना, म्हणून त्यांनी फोनच लावला. दीपाली म्हणाल्या, “आमच्याकडचं अर्धं काम म्हणजे जुन्या चित्रावर मागाहून कुणी कुणी चढवलेले रंग काढणं. ते करणाऱ्याला कितीही आदराच्या माणसाचा हात मधे आला, तरी काढता आला पाहिजे. आणि चित्र अपुरं असलं तरी गळा मात्र तिने पाहून केलाय, आजी.” ‘आजी’ म्हटल्याचंही बाईंना वाईट वाटलं नाही, एवढा आनंद झाला होता.

लोट्याच्या जागेवर राहीची मावसबहीण गेली, त्यामुळे मामाही खूश. बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन केले आणि आपली चूक सांगितली. कुणी हसले, कुणी म्हणाले बाई, सोडा हो, कोण आता चित्रं काढतंय. पावसकडे मूर्ती घडवण्याची गणपतीची शाळा चालवणारा बाबल्या मात्र खरोखरच हवालदिल झाला. “बाई, बारा वर्षां गणपतीच्या गळ्याखाली मी तुमचाच निळा मारतंय. गिऱ्हाइकां म्हणतात, बाबल्याचा गणपती शांत वाटतो. आता काय करू?”

“देवाला चालतो तो,” बाई म्हणाल्या. “म्हातारीला चालत नाही.”

अनिलरावांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. फक्त एका सकाळी त्यांच्यासाठी घावणे केले आणि चौथा घावणा न विचारता वाढला. अनिलरावांना सगळं कळलं. 

राही मुंबईला जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. माडीवर आठ-दहा मुलं होती. बाईंनी मधोमध चित्राचा घोडा मांडला, त्यावर कोरा कॅनव्हास लावला आणि संग्रहालयाने दिलेलं नव्या छपाईचं चित्र समोर ठेवलं. मग स्वतः मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. गुडघे कुरकुरले.

“आज राही शिकवणार,” त्या म्हणाल्या. “मला ही सावली येत नाही.”

राही दाराला पाठ लावून उभी राहिली. मुलं आळीपाळीने दोघींकडे बघत होती. बाईंनी चेहरा आखला, उजेड मारला, आणि सावलीसाठी रंग कालवला. तांबूस बर्न्ट सिएना घेतला, लाल क्रिमसन घेतला. पण तीस वर्षांची सवय! कुणाच्या लक्षात यायच्या आत ब्रश अल्ट्रामरीनला टेकून आला. हनुवटीखाली पहिला फटकारा बसला तो जांभळट, गार.

बाईंनी मान तिरकी करून बघितलं. त्यांना तो बरा वाटला. दुसरा मारला, तिसरा मारला. पाठीमागे राहीची चुळबुळ ऐकू येत होती. खाली अनिलरावांचा रेडिओ लागला होता. चौथा फटकारा मारायला बाईंनी ब्रश उचलला.

“बाई,” राही म्हणाली. मग थांबली. मग मुलांसमोर, स्पष्ट, पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, “चुकतंय.”

हेमाबाईंनी ब्रश खाली ठेवला. त्यांना फार बरं वाटलं. आता ही पोर कुठेही गेली तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

“कुठे चुकतंय?” त्यांनी विचारलं, आणि फडकं हातात घेतलं.

राही पुढे आली आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.